मान डोलावणारी पेटी

५ मार्च २०२५, राखेचा बुधवार

ती पेटी पुढच्या आठवड्यातही तिथेच दिसली तर मी उचलून घरी आणणार. लिहून ठेवते, म्हणजे मागाहून शेपूट घालता येणार नाही.

संध्याकाळी चर्चमध्ये मिस्सेला गेलो – मी, नवरा फर्गल, लेक रेवती आणि नुआलाबाई. सासूला नावाने हाक मारायची इथली रीत तोंडाला तीन वर्षांनी जमली, मनात अजून ‘बाई’ जोडतेच. चर्चच्या दारापाशी टेबल, टेबलावर मिशनची जुनी दानपेटी. पेटीवर गुडघे टेकलेलं एक काळं पोर, हात जोडलेले, ओठ लालभडक. नाणं टाकलं की मान डोलावून आभार मानतं! पेटी नुआलाबाईंच्या आईच्या दुकानातली. माळ्यावर पडून होती, उपवासकाळात जुनी आठवण म्हणून त्यांनीच फादरना दिली. मुलांची ही रांग. रेवतीचा अख्खा वर्ग तिथे – मे महिन्यात त्यांचा पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे फर्स्ट कम्युनियन, आहे.

कपाळावर राख घेऊन मी बघत राहिले. फर्गलला विचारलं, तुला काही खटकलं? म्हणाला, काय?

हेच ते. बेचाळीस वर्षं त्याचं न बघता भागलं आहे. मला वॉर्डात रोज एक तरी पेशंट विचारतो, खरे डॉक्टर कधी येणार. मी दहा वर्षं इथे रजिस्ट्रार डॉक्टर आहे!

७ मार्च, शुक्रवार

उपवासकाळातल्या शुक्रवारी आमच्याकडे मासे असतात आणि नुआलाबाई जेवायला असतात. या वर्षी मी नियम काढला – मासे संपले की उठायचं नाही. चौघांनी बसायचं, रंगाबद्दल खरं काय ते बोलायचं. फर्गल म्हणाला चांगली कल्पना आहे आणि लगेच भांडी घासायला उठला. खाली बसवला.

पेटीचा विषय काढला. नुआलाबाईंचे कान लाल. ‘त्यात वाईट काही नव्हतं, सुचित्रा. आम्ही त्या मुलांवर प्रेम करत होतो.’

मी म्हटलं, प्रेम केलंत, पण त्यांना गुडघ्यावर बसवून. त्या कोट घालून निघून गेल्या. रेवती सगळा वेळ बटाटे मोजत होती.

९ मार्च, रविवार

आईशी व्हिडिओवर बोलले. संगमनेरला उकाडा सुरू झालाय. रेवतीला बघून आई खूश – ‘पोर काय उजळलीय गं तिकडच्या हवेत! बापावर गेली, बरं झालं.’ रेवतीला मराठी सगळं कळतं, लाजून पळाली.

पेटीचं सांगितलं तर आई माझ्यावरच घसरली. तुझी आजी त्याच पैशांवर शिकली, मिशनच्या बोर्डिंगात, नाहीतर शेण थापत बसली असती. ठाऊक आहे! लहानपणापासून ऐकतेय. शिकली, म्हणून तिच्या नातीनेही मान डोलावत राहायचं का?

१२ मार्च



ड्यूटीवरून आले तर रेवती आरशासमोर गुडघ्यावर. हात जोडलेले. मान डोलावतेय. वर, खाली, वर, खाली.

मी विचारलं, हे काय चाललंय? इंग्रजीत पुटपुटली – वर्गात कोणीतरी म्हणालं, ‘पेटीवरचं ते पोर तूच आहेस.’ कोण म्हणालं? मान हलवली. पुन्हा विचारलं तर रडायलाच लागली. मी तिला मांडीवर घेतलं, आठ वर्षांच्या घोडीला, आणि कितीतरी वेळ तशीच बसले.

फर्गलला सांगितलं.  या वेळी ‘काय?’ म्हणाला नाही.

१३ मार्च

शाळेतून बाईंचे दोन मिस्ड कॉल. उचलले नाहीत, उलट फोनही करणार नाही. मुलं आहेत, मनावर घेऊ नका – हेच ऐकायचं ना? ते मला पाठ आहे.

१६ मार्च, रविवार

आणली!

मिस्सा संपली, सगळे बाहेर चहाला गेले, मी पेटी रेनकोटखाली घेतली आणि चालू लागले. जड होती. गाडी खड्ड्यातून गेली की रेनकोटाखाली ते पोर मान डोलावे, खुळ्‌ खुळ्‌. उपवासकाळात चर्चमध्ये चोरी! आजीने कान उपटला असता. तरी खरं सांगते, इतकं हलकं कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

फर्गलने पेटी बघितली, पाणी गरम करायच्या टाकीवरचं कपाट उघडलं – इथे त्याला हॉट प्रेस म्हणतात – आणि टॉवेलांमागे जागा करून दिली. नाणी पाकिटात घालून चर्चच्या पत्रपेटीत टाकून आला. लग्नाला अकरा वर्षं झाली. आज पहिल्यांदा तो माझ्या मागे नाही, शेजारी उभा होता.

१८ मार्च

फादरांचा फोन. शांतपणे विचारलं, पेटी तुमच्याकडे आहे का? म्हटलं आहे, आणि परत मिळणार नाही. पुढच्या रविवारी तुम्ही वेदीवरून त्याबद्दल बोलला नाहीत, तर माझी मुलगी या चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद घेणार नाही. फादर म्हणाले, थोडा वेळ द्या. दिला.

नुआलाबाई बोलत नाहीत. फर्गलने आईला सांगितलं, चूक तुझी आहे. आतापर्यंत त्याने आईला चहात साखर जास्त झाली असंसुद्धा सांगितलेलं नाही.

२० मार्च

गावभर झालंय. हॉस्पिटलातला एक पोर्टर मला बघून गालात हसला. हसू दे.

चिओमा भेटली. आमच्या वॉर्डातली नर्स, नायजेरियाची, तिची मुलगी इफे रेवतीच्या बाकावर बसते. औषधांच्या खोलीत तिने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, ‘फार थोड्या आया असं करतील.’ दिवसभर ते वाक्य घेऊन फिरले. कोणीतरी कळणारं आहे!

३० मार्च, इथला मदर्स डे

दुपारी नुआलाबाई आल्या. आम्ही बोलावलं नव्हतं. म्हणाल्या, मला ती पेटी एकदा बघायची आहे.

हॉट प्रेससमोर खुर्ची दिली. पेटी मांडीवर घेऊन बसल्या. बोटाने त्या पोराचं डोकं दाबलं, सोडलं. लहानपणी दुकानात त्या याच्याशी गप्पा मारायच्या म्हणे. ‘मला वाटायचं, खूश आहे तो. काहीही विचारलं तरी हो म्हणायचा.’ पुन्हा डोकं दाबलं. मग – ‘नाही म्हणायची सोयच ठेवली नव्हती त्याला.’

मी चहा केला. दोघींनी तिथेच, टॉवेलांच्या वासात प्यायला. मी त्यांना माफ केलं असं लिहिणार नाही. पण जाताना त्यांनी मला मिठी मारली आणि मी अंग चोरलं नाही.

६ एप्रिल, रविवार

जिंकलो!

फादर वेदीवरून बोलले. पळवाट नाही, ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ नाही. आपल्या चर्चच्या दारात एका लेकरावर घाव झाला आणि आपण हसत होतो, असं म्हणाले. मग नुआलाबाई उठल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, माइकपर्यंत चालत गेली. म्हणाल्या, पेटी माझी होती, मला क्षमा करा. संपलं.  माझे डोळे वाहत होते, पुसलेही नाहीत.

चिओमा आणि इफे मागच्या बाकावर. मी वळून हात केला.

घरी येताना रेवतीला जवळ घेतलं. म्हटलं, आता तुला कोणी असं म्हणणार नाही. ती खिडकीबाहेर बघत राहिली. पोर दमलीय बिचारी. बुधवारी फादरांपुढे पहिलं पापनिवेदन, त्याचंही दडपण असेल.

८ एप्रिल

चिओमाला म्हटलं, आपल्या मुलींनी फार सोसलं.  ती हळू आवाजात म्हणाली, ‘सुचित्रा, ते पेटीवरचं वाक्य इफेला म्हटलं होतं. रेवती म्हणाली होती. शाळेने तुला कळवलं ना? मला वाटलं, म्हणूनच तू पेटी उचललीस.’

घरी येऊन विचारलं. रेवतीने काही लपवलं नाही. शाळेतल्या बाईंनी तिला दटावलं होतं. पेटीवरच्या पोरासारखी मान डोलावताना इफे कशी दिसेल, ते ती आरशात करून बघत होती. मी विचारलं, का म्हणालीस तसं? तिला प्रश्नच कळेना. ‘पण मी तशी नाहीये ना, मम्मा. आजी म्हणते, मी उजळलेय. तू हसलीस.’

हसले होते.

उद्या पापनिवेदन. फादरांकडे नंतर. आधी चिओमाच्या दारात जायचं, मी आणि रेवती. त्याच्याही आधी, आत्ता, आईला फोन.