फ्लॉसीची आई

उमेळे, वसई
३ ऑगस्ट १९५३

तीर्थरूप सेबॅस्टियनकाका यांस,
क्लेमेंटीनचा सा. न. वि. वि.

काकींचा खोकला थांबला का ते आधी कळवा. आम्ही सगळे बरे आहोत. बाबांनी वाडीत नव्या पानवेली लावल्या, त्यामुळे त्यांचं बोलणं सध्या पानवेलींपलीकडे जात नाही.

आता माझी तक्रार, आणि ती तुमच्याबद्दलच आहे. पाचवीला मी ‘माझी आई’ हा निबंध लिहायला दिला. सगळ्यांनी तुमच्या निबंधपुस्तिकेतला जसाच्या तसा उतरवून दिला. पहाटे उठणारी, हसतमुख, कधी न रागावणारी आई. ऑगस्टीनच्या फ्लॉसीनेही तोच लिहिला, सुंदर अक्षरात. काका, फ्लॉसी वर्षाची असतानाच तिची आई रोझलीन वारली.

मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी मुलांचं लिहिणं बंद केलं आणि तुमचा निबंध फळ्यावर उतरवला. मुलांना म्हटलं, आधी हा नीट वाचा. हे कोण सांगतंय, त्याला कसं कळलं आणि काय सांगायचं राहिलं, ते शोधा. मग एकाने विचारलं, या आईचं नाव काय? दुसरी म्हणाली, ही भांडत कशी नाही? मागच्या बाकावरून प्रश्न आला, या आईला भूक लागत नाही का? आता याच प्रश्नांनी ती स्वतःचं लिखाण तपासणार आहेत.

रागावू नका. काकींना नमस्कार, आणि तुमची माया आहे तशीच राहू द्या.
तुमची,
क्लेमेंटीन


डहाणू
९ ऑगस्ट १९५३

चि. क्लेमेंटीन हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या काकीने मोठ्याने वाचून दाखवलं. भुकेच्या प्रश्नावर ती इतकी हसली की खोकला परत आला. तेव्हा त्याची जबाबदारी तुझ्यावर.

मी रागावलो नाही, थोडं लागलं मात्र. ती पुस्तिका मी परीक्षेला घाबरणाऱ्या मुलांसाठी लिहिली होती. पोहायला शिकताना कमरेला सुका भोपळा बांधतात, तशी. पण भोपळा सोडायचा असतो, हे बहुतेक शिक्षक विसरले, यात तुझं म्हणणं खरं आहे.

एक सांगतो. तू वाचायला शिकवतेस म्हणजे शंका घ्यायला शिकवतेस. ते चांगलंच आहे. पण मुलं ती शंका वर्गात ठेवून जात नाहीत, घरी नेतात. फ्लॉसीच्या बाबतीत हळू जा. ऑगस्टीनला मी ओळखतो. माणूस चांगला, पण तोंडातून शब्द निघायला मुश्कील.

वाडीतली केळी सुकवून सुकेळी झाली की पाठव. तब्येतीला जप.
तुझा,
सेबॅस्टियनकाका


उमेळे, वसई
२४ ऑगस्ट १९५३

तीर्थरूप काका यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणालात तसंच झालं. फ्लॉसीने निबंध पुन्हा लिहिला. त्यातला भाग उतरवून देते:

“मला आई आठवत नाही, म्हणून मी विचारलं. आजी म्हणते, ती फार शांत होती. शेजारच्या धोंडूबाई म्हणतात, ती विहिरीवर भांडायची आणि मग स्वतःच हसायची. आजी तिची सासू. मेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलंच सांगतात. धोंडूबाईंना गोड बोलायचं काही कारण नाही. म्हणून मी भांडणारी आई खरी धरते. बाबा काहीच सांगत नाहीत. त्यांना आठवत नसेल, किंवा फार आठवत असेल.”

मला इतका आनंद झाला की मी तो तिथेच वर्गात वाचून दाखवला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की ऑगस्टीनच्या पोरीने आजीला खोटं पाडलं आणि बापाची निंदा लिहिली. दुसऱ्या दिवसापासून फ्लॉसी शाळेत नाही. मी घरी गेले. ऑगस्टीनने मला ओट्यावरच उभं ठेवलं. म्हणाला, बाई, शालेत पोरीला वाचायला पाठवली, घर उकरायला नाय. आता ती आजीच्या हाताखाली राहील.

फ्लॉसी दाराआड उभी होती. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. हेडमास्तर म्हणतात, पुस्तिकेवर परत या आणि ऑगस्टीनची माफी मागा. पोरीचं शिक्षण माझ्यामुळे सुटलं तर मी काय करू? वेळ न लावता लिहा.
तुमची,
क्लेमेंटीन


डहाणू
२८ ऑगस्ट १९५३

चि. क्लेमेंटीन हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळताच लिहायला बसलो. माफी माग, पण निबंधासाठी नको. ते लिखाण माझ्या सगळ्या पुस्तिकेहून चांगलं आहे. चूक झाली ती पोरीला न विचारता वर्गात वाचण्याची. तिने ते तुझ्यासाठी लिहिलं होतं. तेव्हा पहिली माफी फ्लॉसीची माग.

आणि दुसरं. ऑगस्टीनने तो निबंध वाचला आहे का? माझ्या अंदाजाने त्याने फक्त ऐकला आहे, तोही चार तोंडांतून फिरून आलेला. तो सावकाश वाचतो, पण वाचतो, देवळात प्रार्थनेचं पुस्तक त्याच्या हातात मी पाहिलेलं आहे. फ्लॉसी हो म्हणाली तरच त्याला वाचायला दे. तू समजावून सांगू नकोस. वाचू दे.

काकी तुझ्यासाठी प्रार्थना करते आहे. धीर सोडू नकोस.
तुझा,
सेबॅस्टियनकाका


उमेळे, वसई
८ सप्टेंबर १९५३

तीर्थरूप काका आणि काकी यांस,
सा. न. वि. वि.

रविवारी मिस्साची प्रार्थना झाल्यावर देवळाच्या आवारातच मी फ्लॉसीची माफी मागितली. ती बराच वेळ पायाने माती उकरत राहिली. मग म्हणाली, टीचर, बाबांना द्या. पण मी पण तिथे बसणार.

ऑगस्टीनने ओट्यावर बसून वाचलं, ओळीखाली बोट धरून. शेवटच्या वाक्याशी बोट थांबलं ते हलेना. मला वाटलं, आता वही फेकणार. पण तो हळूच म्हणाला, धोंडूबाईने चुकीचं सांगितलंन. रोझलीन भांडून हसायची नाय. रुसायची. सांजेपर्यंत रुसायची.

फ्लॉसीने लगेच विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तुम्ही विहिरीवर होता?

ऑगस्टीन खाली मान घालून म्हणाला, होतो ना. लग्नाआधी रोज जायचो. घरात पानी भरलेलं असायचं, तरी जायचो. एवढं बोलून त्याला रडू आलं. मग मात्र तो बोलतच राहिला, रोझलीन कशी चालायची, कोणाशी कशावरून भांडायची, तापात शेवटी काय म्हणाली. कुंपणापलीकडून धोंडूबाई आल्या आणि म्हणाल्या, हसायची, मी स्वतः बघितलंय. दोघांचा वाद जुंपला. फ्लॉसी एकदा इकडे बघे, एकदा तिकडे.

शेवटी आतून आजी आली. म्हणाली, दोघं पण खरं बोलतात. रुसायची पण, हसायची पण. शांत ती कधीच नव्हती. मी शांत सांगितलं, कारण ही पोर तिच्यावरच गेली आहे. म्हटलं, निदान आई शांत होती हे ऐकून तरी गप्प बसायला शिकेल.

हेडमास्तर अजून घुश्शात आहेत. पुस्तिका हवीच, म्हणतात. मी म्हटलं, ठेवू या, वाचून बघायला.

फ्लॉसी काल शाळेत आली. आल्या आल्या बाकावरच्या जागेवरून शेजारणीशी कडाडून भांडली. मी तिला रागवायला हवं होतं. फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

तुमचा आशीर्वाद पाठीशी असू द्या.
तुमची,
क्लेमेंटीन