नाहूरचं घर आणि न मोजलेले बोंबील

मी, सुगंधा चंद्रप्रकाश राणे, वय ५३, अविवाहित, राहणार नाहूर, मुंबई, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. पुढच्या आठवड्यात हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोकं शाबूत असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलंय. वर्तमानपत्रातल्या माझ्या सदरावर चिडलेल्यांनी ते जरूर वाचावं.

१. माझं राहतं घर स्वकष्टार्जित आहे. अन्नधोरणावर संशोधन करून घर होतं, यावर माझाही अजून विश्वास नाही. ते माझी सहकारी गंधाली साळसकर हिला द्यावं. कारण असं:

अंधेरीतल्या आमच्या संस्थेने उपनगरातल्या घरांत काय खातात याची पाहणी केली. प्रश्न होता, "मासळी किती विकत घेता?" कोकणातल्या बायका म्हणाल्या, "काय्येक नाय." गावाहून आलेली सुकी मासळी विकत कोण घेतं? संचालकांनी निष्कर्ष काढला की या घरांत मासळीच नाही, आणि सरकारला प्रथिनांच्या पावडरीची शिफारस केली. तेव्हा गंधालीने त्या बायकांना माझ्याकडे जेवायला बोलावून अहवाल वाचून दाखवला. शेजारची दर्शना पेडणेकर घास हातात धरून ओरडली, "अगो बाय, मगे माझ्या माळ्यावरचे बोंबील काय मांजरान मोजूचे?"

शिफारस मागे घ्यावी लागली. गंधालीची नोकरीही गेली. तेव्हापासून आम्हा दोघींचा प्रत्येक अहवाल आधी या घरात, ज्यांनी उत्तरं दिली त्यांच्या पंगतीत वाचला जातो. मग छापला जातो. घर विकलं तर पंगत उठली. ती उठू नये.

२. संचालकांना माझ्या सदराची सगळी कात्रणं द्यावीत. एवढे विषय एका माणसाने पुरवले. खरोखर ऋणी आहे.

३. प्रश्न विचारण्याआधी मला जेवू घालणाऱ्या सगळ्या घरांची मी आभारी आहे. माझ्या तेराव्याला पावडर वाढू नये.

४. आईच्या पाटल्या बोरिवलीच्या माझ्या भावाला, राजेशला. (खोडलं. खाली पाहा.)

मसुदा वाचून राजेश भडकला. "ताई, परक्या पोरीला घर? वेडी झालीस काय?"

"परकी कशी रे? तू गणपतीला येतोस. ती रोज येऊन भांडते."

त्याने मसुदा पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग वकिलांना विचारलं, "साक्षीदार मी झालो तर?" ते म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने शक्यतो साक्षीदार होऊ नये.

"मग पाटल्या माझ्या अपूर्वाच्या नावावर कर गं. उद्या कोणी गंधालीला घराबाहेर काढायला आलं, तर सख्ख्या भावाची सही दिसू दे ना."

त्याप्रमाणे पाटल्या माझी भाची अपूर्वा हिला.

ठिकाण: नाहूर, मुंबई
दिनांक: १२ ऑगस्ट २०२५

सही: सुगंधा चंद्रप्रकाश राणे

आमच्यासमक्ष सही झाली:
१. दर्शना पेडणेकर, शेजारीण
२. राजेश चंद्रप्रकाश राणे, सख्खा भाऊ