तो रेझिस्टर कुणी काढला

राजापेठ, अमरावती
१८ मार्च २०२५

आदरणीय बाबा,

जयभीम. मी बरी आहे. ट्यूशन क्लासच्या खालच्या खोलीत माझं दुरुस्तीचं दुकान सुरू झालं, आईला सांगा. फोन केला की तुम्ही लगेच तिच्या हातात देता, म्हणून पत्र लिहिते आहे.

पातूरच्या विहाराचा जुना, काचेच्या व्हॉल्व्हवाला ॲम्प्लिफायर विहार सांभाळणाऱ्या केशरबाई दुरुस्तीला माझ्याकडे ठेवून गेल्या. गेल्या भीमजयंतीला भर भाषणात तो फटफटीसारखा फटफटू लागला, आणि तुम्ही साऱ्यांसमोर म्हणालात, "माह्या पोरीनं हात लावला, म्हणून बिघडला." मी फक्त धूळ झाडली होती. तरी अकरा महिने गप्प बसले. पातूरमध्ये आजही मला कुणी साधा रेडिओ दुरुस्तीला देत नाही.

काल सेट उघडला. माइकच्या व्हॉल्व्हला आणि भोंग्याला आवाज देणाऱ्या शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हला वीज एकाच जागेवरून जात होती. मधला रेझिस्टर काढून सरळ तार जोडलेली. तुम्हीच शिकवलं होतं, खालच्या घरानं नळ पूर्ण सोडला की वरच्याची धार तुटते, म्हणून वरच्याला आपली टाकी हवी. कंडेन्सर म्हणजे ती टाकी, रेझिस्टर म्हणजे तिची बारीक नळी. ती नळी नसली की मोठा व्हॉल्व्ह वीज ओढतो, त्याचा धक्का उलटा माइकच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतो, आणि मोठा होऊन परत येतो.

तारेला अडीच पीळ होते. असे पीळ देऊन सोल्डर करणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

आधी संताप आला. मग प्रश्न पडला, तुमच्यासारखा मेकॅनिक असं करेलच का? रेझिस्टर काढला की आवाज जरासा वाढतो, एवढंच. तो कुणाला हवा होता? पहिल्या रांगेतल्या बाया तर कानावर हात ठेवून बसल्या होत्या.

बाबा, तुम्हाला नीट ऐकू येत नाही. आईला ठाऊक आहे, आता मलाही. मला सांगितलं असतं तर मी कुणाजवळ बोलले नसते. पण ते झाकायला तुम्ही माझं नाव पुढं केलंत, हे मी सोसणार नाही.

सेट नीट झाला आहे. जयंतीला मीच तो पातूरला आणणार आणि मीच त्याच्यापाशी बसणार. तुम्ही या. दीक्षानं तो बिघडवला नव्हता, हे माइकवर सांगा. नाही सांगितलंत तर ती तार कुणी जोडली ते मी सांगेन.

का जोडली, ते मात्र माझ्या तोंडून कधीच निघणार नाही.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
दीक्षा