दृष्टीचं मीठ

शनिवार, दिवे लावून झाल्यावर

आज कुडाळहून आलं: हिरवी जाळी साडेतीनशे, कोबीची रोपं साठ रुपये. सगळं नंदाच्या गोगलगायींसाठी. आता लावू कोणासाठी?

पोरीनं नोकरी सोडून परसात जाळीचं हरितगृह केलं, खायच्या गोगलगायी पाळल्या. पुढल्या महिन्यात गोव्याचं हॉटेल पहिल्यांदा नेणार होतं. ती याच धंद्याचं शिकायला कोल्हापूरला, राखण माझ्याकडे.

दुपारी शेजारची सुमन डोकावली. "काकी, केवढ्यो झाल्यो गो! माका दोन दी, जेवणाक तिखला करतंय." तिची नजर मला बरी वाटली नाही. तिन्हीसांजेला मीठ-मोहरी घेऊन गोगलगायींच्या पेटीवरून दृष्ट काढली. मुठीतून मीठ सांडलं. आणि फेस, पांढरा फेस. पाणी ओतलं तरी फेस थांबेना.

नंदानं बजावलं होतं, "आई, मीठ जवळ नेऊ नको." मी समजले स्वयंपाकाचं मीठ. दृष्टीचं मीठ वेगळं ना? रामेश्वरा, मी तुझं नाव घेऊनच उतरवलं होतं.

दोनशेतल्या अकरा हलताहेत. नंदाला फोन लावला, आवाज ऐकून ठेवला. ती उलट फोन करतेय, उचलायचा धीर नाही. पत्रच टाकते: नंदा, अकरा जिवंत आहेत. काय करू, ते उलट टपाली कळव.