भुऱ्याचा दुसरा डोस

पेण, १० सप्टेंबर १९९१

प्रिय शांती,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. रोज उत्तराला बसतो आणि उठतो. गुरांच्या लसीकरणासाठी सध्या गावोगाव फिरणं चालू आहे. आज गागोद्याहून आलो तेव्हा चपला काढायलाही वाकवेना. पण उशिराचं कारण ते नाही.

तू लिहिलंस, शकू वाचताना मान तिरकी करते, शाळेतल्या बाई म्हणतात नखरे करते, आणि तू एकदा तिला चापट दिलीस. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. भुऱ्या आता अंगणभर हुंदडतो, त्याच्याशिवाय शकूची भातुकली मांडली जात नाही, हेही वाचलं.

भुऱ्या कुठला, ते तुला नीट सांगितलंच नाही. कासूपलीकडे खाडीकाठच्या वस्तीवर ठमाबाई राहते, मिठागरात कामाला जाते. तिच्या पडवीत कुत्री व्याली, तेव्हा वस्तीतल्या पोरींनी घरोघर पीठ-गूळ मागून बाळंतिणीला शिरा करून घातला. आपणही करायचो, आठवतं? पातेलं चाटायला तू पुढे. मी गेलो तेव्हा पिल्लांची पोटं टम्म आणि पाय काड्यांसारखे. जंत. आईकडूनच येतात, आधी पोटात, मग दुधातून. पिल्लांना औषध पाजून बाटली आईकडे वळवली, तर ठमाबाई आडवी आली. "बाळंतीण हाय ती. तुज्या आयशीला पाजली असतीस ही बाटली? दूध नाय ऱ्हायचं तिचं." बायका हसल्या, मीही हसलो आणि बूच लावलं. त्यांचं मन मोडवेना म्हणून, की वाद घालायचं त्राण नव्हतं म्हणून, ते अजून ठरत नाही.

आई तशीच राहिली, म्हणजे पिल्लांना पंधरा दिवसांनी दुसरा डोस हवाच होता. माझी डायरीची खोड तुला माहीत आहे. उद्याचं काम आजच 'केलं' म्हणून लिहायचं, लिहिलेलं खोटं पडू नये या धाकानं तरी ते होतं. वीस वर्षं हा धाक पुरला. दुसऱ्या डोसचंही असंच आदल्या रात्री लिहून ठेवलं, पण त्या दिवशी मात्र मी कासूला गेलोच नाही. आजारी नव्हतो, थकलो होतो, एवढंच. पुढच्या आठवड्यात ठमाबाईनं कासू स्टेशनवर भुऱ्याला टोपलीतून माझ्या हाती दिलं आणि मी तसाच रोह्याला आलो. तू दारातच विचारलंस, "दादा, औषधं झालीत ना याची?" मी डायरी काढून पान दाखवलं. तेव्हा मला खरंच आठवलं नव्हतं, की आठवत असून पान पुढे केलं?

म्हणून लिहितोय. कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी मातीत जातात, मातीच्या हातांनी मुलांच्या पोटात, आणि क्वचित एखादी अळी डोळ्यापर्यंत पोचते. शकू मान तिरकी करते ती एका डोळ्यानं कमी दिसतं म्हणूनही असेल; तिचं तेच असेल असं नाही. पण तिला लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने, आणि घरात पिल्लू आहे हे आपणहून सांग. औषध दिलं होतं का विचारलं, तर अर्धवट दिलं, म्हणून सांग. तिला मारू नकोस. ती चापट मला बसायला हवी होती. भुऱ्यालाही हाकलू नका. रविवारी येऊन मी त्याला औषध पाजतो, अंगणातली घाण उचलून खोल पुरतो. हे डायरीत लिहिलेलं नाही. करून झाल्यावर, तुझ्या ओट्यावर बसून लिहीन.

तुझाच,
कमळाकरदादा