झाडांची रांग संपते तिथे

आई, तुमच्या मुलाबद्दल सांगायचं आहे आणि ते क्रमाने सांगायचं आहे. जपानात, कावासाकीत आम्ही नवीन होतो तेव्हा मी एकदा भलत्याच दिवशी कचरा बाहेर ठेवला, शेजारणीने पिशवी उचलून परत आमच्या दाराशी आणून ठेवली, आणि मी तुम्हाला सांगलीला फोन करून रडत बसले. तुम्ही जरा वेळ ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "आधी काय झालं ते सांग. रडायला नंतर वेळ आहे." टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी काढलेला तुमचा आवाज. तेव्हा मला तो फार कोरडा वाटला होता. आता तुम्ही सांगितलंत तसंच सांगते.

तुम्ही गेल्यानंतर काही वर्षांनी तो कामासाठी होक्काइदोला गेला आणि तिथलं वेड घेऊन परत आला. डोंगरावरून खाली घसरायचं स्कीइंग नव्हे. तिथे सपाटीवरून चालायच्या अरुंद, हलक्या स्की असतात, टाच मोकळी राहते. तिथला तोकाचीचा प्रदेश म्हणजे नुसतं मैदान, आई. उन्हाळ्यात बटाटा, गहू, बीट. हिवाळ्यात सगळं बर्फाखाली, आणि वारा अडवायला शेतांच्या कडेने लावलेल्या झाडांच्या लांब सरळ रांगा. दर फेब्रुवारीत आम्ही एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरी उतरायचो आणि रोज नवी वाट शोधायचो. तुमच्या स्वयंपाकघरातलं माझं पहिलंच वर्ष आठवतं. तुम्ही शेंगदाणे भाजताय आणि हसत मला सांगताय, "हा चुकेल, पण रस्ता विचारणार नाही." पन्नाशीतही तो तसाच होता. नकाशा घडी घालून खिशात, आणि पुढे हा.

त्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. शेतकरी निघताना म्हणाले, "वारा सुटला तर झाडं सोडू नका." आम्ही हो म्हटलं. एका नव्या रांगेच्या कडेने दुपारपर्यंत चालत गेलो, तिच्या टोकाला थर्मासमधला चहा प्यायलो. झाडं तिथे संपत होती. समोर उघडं शेत, त्याच्या पलीकडे रस्ता, इतका जवळ की त्यावरून जाणारी गाडी दिसत होती. मग वारा आला. बर्फ पडत नव्हतं, जमिनीवरचंच उठत होतं. मान वर केली की निळं आकाश, आणि माझ्या स्कीची टोकं मला दिसत नाहीत. माझ्या एका स्कीची बूट धरून ठेवणारी पकड तुटली होती. तो म्हणाला, "तू इथेच बस, खोडाला टेकून. मी रस्त्यावर जाऊन गाडी थांबवतो. समोर तर आहे." मी म्हटलं, "थांब ना थोडं." तो म्हणाला, "तुझे हात बघ." माझी बोटं पांढरी पडली होती. तो गेला.

मी शेतकऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, "दोघंही तिथेच थांबा, मी येतो." मी सांगितलं, तो निघाला. मग मी त्याला फोन करत राहिले. तुम्ही घरीसुद्धा 'नो रिप्लाय' म्हणायचात ना, कोणी हाकेला ओ दिली नाही की. रिंग जात होती, आई. बराच वेळ जात होती. नंतर तीही थांबली.

शेतकरी झाडांच्या रांगेने ट्रॅक्टर घेऊन आले आणि मला दवाखान्यात घेऊन गेले. तो दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला, रस्त्याच्या पलीकडच्या चरात. रस्ता त्याला मिळाला होता. बर्फाने भरलेला, शेतासारखाच दिसणारा. तो रस्ता ओलांडून पुढे गेला आणि त्याला कळलंच नाही.

शेतकरी दवाखान्यात आले आणि माझ्यासमोर जमिनीला डोकं टेकवून बसले. मी म्हटलं, "तुम्ही तर सांगितलं होतं." ते म्हणाले, "शेत माझं आहे." अंत्यसंस्कार तिथेच झाले. इथे अस्थी लांब चॉपस्टिक्सनी उचलून कलशात ठेवतात, पायांपासून सुरुवात करून, म्हणजे आत माणूस उभा राहतो. मला हात लावता येत नव्हता. तुमच्या नातीने मला जपानीत हळूच सांगितलं, "आई, तू नुसती धर, मी उचलते." तिने सगळं केलं. तुम्ही पाहिलीत तेव्हा ती दोन वेण्यांची होती.

या फेब्रुवारीत मी परत गेले. का, ते लेकीलाही नीट सांगता आलं नाही. शेतकऱ्यांनी झाडं संपतात तिथून रस्त्यापर्यंत बांबू रोवलेत, प्रत्येकाला लाल फडकं. ते पुढे आणि मी मागे, दोघंही स्कीवर, बांबू धरून रस्त्यापर्यंत गेलो. वारा नव्हता. फार वेळ लागला नाही. परत येताना ते म्हणाले, "आधीच रोवायला हवे होते."

आत्ता लेक डोकावून गेली. विचारलं, कोणाला लिहितेस. आजीला म्हटलं. तिला मराठी वाचता येत नाही, तरी ती पानाकडे बघत उभी राहिली, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून आत गेली. तुम्ही गेलात तेव्हा आम्ही सांगलीला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तो कित्येक महिने म्हणायचा, आई अजून थोडी वर्षं हवी होती. मीही हो म्हणायचे, मनापासून. आता म्हणणार नाही. तो गेला हे सांगण्यासाठी मला तुम्हाला फोन लावावा लागला नाही, याचं मला बरं वाटतं.