लंगडी नाव

९ मे

बाक काढला! नावेतला माझा मधला बाक! मी गावात पाव आणायला गेले तेवढ्यात. परत येते तो म्हातारा धक्क्यावर बसलाय, नटबोल्ट कॉफीच्या रिकाम्या डब्यात, आणि बाक गवतात उलटा. बोलावं तरी काय याला!

त्या बाकावर बसून मी या माणसाला अख्ख्या तळ्यात फिरवलं. तो मागच्या टोकाला गळ टाकून, माझ्याकडं पाठ करून. मी वल्ही मारायची. वल्हं मारणाऱ्यानं बोलायचं नाही, गळवाल्यानं मागं वळायचं नाही — त्याच्या बापाच्या वेळेपासूनचा नियम. म्हणजे माझं लग्न या माणसाच्या पाठीशीच झालं म्हणायचं.

म्हणे बॅटरीवरची मोटर लावतोय. वल्ही आता नकोत.

वल्ही नकोत म्हणजे मी नको. सरळ तसं बोल की.

११ मे

बोलले नाही. कॉफी तेवढी ओतून दिली.

१४ मे

मार्चमध्ये डॉक्टरनं दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. रेइनोचं हृदय थकलंय. पुढचा बर्फ बघेल असं धरून चालू नका. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच — हा एक उन्हाळा हातात आहे, तो दोघांनी नावेत घालवायचा. बाकी काही मागणं नाही माझं.

आणि याला मोटर सुचते. एकट्यानं जायचंय, दुसरं काय! मोटर असली की रडव्या तोंडाची बाई बरोबर न्यावी लागत नाही.

सकाळी तो उठायच्या आत गरम पाण्यात बोटं बुडवून बसते. सांधे धरतात. वल्ही हातात आली की तासाभरात आग होते. पण हे त्याला कधी कळू दिलेलं नाही, आणि आता तर मुळीच कळू देणार नाही.

२० मे

मोटर आली. एक लांब दांडा, खाली पंखा, वर हातदांडा. मागच्या काठाला बरोबर मधोमध बसवली. हातदांडा मध्येच पुढं येतो, त्यामुळं मध्ये बसायला जागाच उरत नाही. दोन खुर्च्या लावल्यात, एक उजवीकडं, एक डावीकडं. उजवी त्याची. "डावी तुझी," म्हणाला. मी विचारलंही नव्हतं.

चार बोल्ट पिळले की थांबतो, छातीवर हात ठेवून तळ्याकडं बघत बसतो. बघवत नाही. मदत करायला गेले तर, "तू आत जा, हिल्का."

गेले आत.

२ जून

आज काय सुचलं देव जाणे. आंघोळीच्या खोलीतला वजनकाटा मधल्या खोलीत आणून ठेवला आणि मला म्हणतो, उभी राहा. कशाला? "राहा म्हणतो ना." राहिले. वाकून आकडा बघितला, मान हलवली.

माझ्या तोंडातून निघून गेलं — "तुझं घटतंय म्हणून माझं मोजतोस होय?"

मीही नको ते बोलून बसले. रात्री जेवला नाही धड. मटण भरलेली पॅटी केली होती, कडा तेवढ्या कुरतडल्या.

५ जून

वजनकाटा जागेवर नाही. शोधून शोधून थकले. शेवटी अवजारांच्या खोपीत सापडला, वर काळे डाग पडलेले. त्याच्यावर काहीतरी ठेवलं होतं म्हणे. काय ठेवलं होतं, ते नाही सांगितलं. मीही नाही विचारलं. या घरात हल्ली कोणी कोणाला काही विचारत नाही.

९ जून

नाव पाण्यात उतरवली. क्लिफ आला होता. पलीकडच्या काठावर राहतो, रेइनोबरोबर लोखंडाच्या खाणीत होता. आमच्या सगळ्यांच्या नावा तोच आपल्या ट्रकनं पाण्यात उतरवतो आणि बर्फाच्या आधी वर काढतो.

एक नाही, दोन बॅटऱ्या! त्याही दोन्ही एका लाकडी पेटीत, आणि पेटी कुठं? उजवीकडं, स्वतःच्याच खुर्चीच्या मागं! आम्ही दोघं बसलो आणि नाव त्याच्या बाजूला कलली. नावेखाली दोन्हीकडं हवेची नळकांडी आहेत, त्यातलं त्याच्याकडचं जवळजवळ पाण्याखाली, माझ्याकडचं अर्धं वर. त्याची बाही भिजली.

क्लिफ हसायला लागला. "अरे रेइनो, वजन मध्ये ठेवायचं हे शाळेतल्या पोरालाही कळतं. आण इकडं, मी सरकवून देतो. आणि एवढ्याशा तळ्याला दोन बॅटऱ्या कशाला?"

"असू दे."

"अरे पण —"

"असू दे म्हटलं ना."

क्लिफनं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. खाणीत असताना हा माणूस सूत न् सूत मोजून मापं घ्यायचा, त्याच्या कामात कोणी बोट घालू शकत नव्हतं. आता नाव पाण्यात धड उभी करता येत नाही याला. डोकंही जायला लागलं का?

१० जून

मिलवॉकीला कारिनला फोन केला. म्हटलं, तुझ्या बापाचं काही खरं नाही. ती म्हणाली, आई, करू दे त्याला काय करायचंय ते. सोपं आहे तिथून बोलायला.

१७ जून

गळाच्या आमिषाच्या दुकानात आमच्या नावेला नाव पडलं — लंगडी. "काय हिल्का, आज लंगडी निघाली का?" मी म्हटलं, निघाली. हसून म्हटलं. गाडीत बसल्यावर रडू आलं.

२१ जून

शनिवार, सौना तापवली, म्हणजे आमची वाफेच्या आंघोळीची खोली. त्याला आता फार उष्णता सोसत नाही, दार किलकिलं ठेवावं लागतं. दाराला लावायचा धोंडा बघते तो गायब! लाल खनिजाचा धोंडा, खाणीतल्या शेवटच्या दिवशी खांद्यावर घालून आणलेला. इतकी वर्षं त्या दारातून हलला नव्हता.

सापडला. बॅटरीच्या पेटीत! "पेटी हलू नये म्हणून," म्हणे. आधीच कललेली नाव, वर धोंडा! बादली दाराला लावली आणि वरच्या पायरीवर जाऊन बसले. तो खालच्या पायरीवर बसून होता. पाठीची हाडं मोजता येतात आता.

३ जुलै

मला हातदांडा धरायला लावतो. नको म्हटलं तर ऐकत नाही. मी म्हटलं, वल्ही आहेत ना अजून बाजूला बांधलेली, मी वल्ही मारीन. तर म्हणतो, "बोटांनी?"

कधीपासून माहीत होतं याला?

मग शिकले. तोंड उजवीकडं हवं तर दांडा डावीकडं दाबायचा. उलटं सगळं. दोनदा पाणवेलीत घातली नाव. तो ओरडला नाही. पूर्वी ओरडला असता.

१२ जुलै

आज चांगला दिवस. संध्याकाळी लव्हाळ्यापाशी थांबलो, मोटरचा आवाज असा नाहीच, नुसती बारीक घरघर. त्याच्या गळाला पर्च मासा लागला, चांगला ओंजळभर. आणि मी त्याचं तोंड बघितलं. मासा ओढ घेतो तेव्हा हा माणूस जीभ गालात घालतो, डोळे मिचकावतो, अगदी पोरासारखा! मला ठाऊकच नव्हतं. मला कायम पाठच दिसली ना.

शेजारी बसायला मिळालं ते या मोटरमुळं, हे खरं. पण बोलले नाही तसं. नाव कललेलीच होती, मी घसरून त्याच्या अंगावर येत होते. तोही सरक म्हणाला नाही.

९ ऑगस्ट

आज त्याला धक्क्याच्या पायऱ्या उतरवल्या नाहीत. धक्का खिडकीतून दिसतो, तेवढंच.

२० ऑगस्ट

पलंग खिडकीपाशी हलवला. दिवसभर नावेकडं बघतो. आज म्हणाला, "एकदा एकटी जाऊन ये ना. मी इथून बघतो."

म्हटलं, तू नसताना मी काय करू तिथं?

"नुसती बसून ये."

म्हटलं, तो विषयच काढू नकोस.

२३ ऑगस्ट

परत तेच. "एकदाच. धक्क्यापासून त्या खडकापर्यंत." मी कपबशा विसळत होते. वळून म्हटलं, एवढी घाई झालीय का तुला मला एकटी बघायची?

डोळे मिटून पडला. मग मीच जाऊन पाय चेपत बसले. किती थंड पाय!

२ सप्टेंबर

आता ओळखतो, पण बोलत नाही. कारिन आली.

६ सप्टेंबर

गेला.

१९ सप्टेंबर

लोक येऊन गेले. वेलचीचे पाव एवढे आलेत की ठेवायला जागा नाही. कोणी खायचे? कारिन म्हणते मिलवॉकीला चल. बघू म्हटलं. भांडायला कोणी नसलं की घर फार मोठं होतं.

३० सप्टेंबर

नावेकडं बघवत नाही. रिकामी झाली तरी कललेलीच, एका खांद्यावर. माणूस गेला आणि चूक ठेवून गेला.

७ ऑक्टोबर

क्लिफ आला. बर्फाच्या आधी नाव काढायला हवी. मी म्हटलं, मोटर, बॅटऱ्या, सगळं तूच घेऊन जा. नको म्हणत होता. मी म्हटलं, मी काय करणार, सांग? मग म्हणाला, दुसऱ्या बॅटरीचं ओझं तेवढं आधी काढून टाकतो, येताना बुडायचीस. म्हटलं, राहू दे, एवढ्यानं काय बुडते! शनिवारी मीच पलीकडच्या उतारावर आणून देईन. एवढं तरी शिकवलंय रेइनोनं.

११ ऑक्टोबर

माझ्या खुर्चीत बसले. दोर सोडला. आणि नाव सरळ झाली.

कलली नाही, कुठंही नाही. दोन्ही नळकांडी पाण्यात सारखी. दोन बॅटऱ्या आणि तो धोंडा त्याच्या बाजूला, मी माझ्या.

वजनकाटा! आधी मी, मग त्या बॅटऱ्या. अरे रेइनो.

क्लिफ पलीकडून हात करत होता. मी दांडा डावीकडं दाबला, नाव वळवली आणि खडकापर्यंत जाऊन घराच्या खिडकीसमोर थांबले. हेच बघायचं होतं त्याला. एकदाच म्हणत होता.